ताबा घेऊन एक पावसाळा गेला, आता या नव्या फ्लॅटबद्दल लिहितो

पाचपैकी दोन तारे देतोय, आणि तेही इमारतीच्या सांगाड्यासाठी. कॉलम-बीम ओळंब्यात आहेत, पार्किंगमध्ये हिंडून पाहिलं तरी कुठे खडी उघडी पडलेली नाही, सळई दिसत नाही. वायरिंग नीट आहे, आरसीसीबीचं (वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं की पुरवठा लगेच तुटतो. लिफ्टबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती ओलीची.

आमच्या बाथरूमच्या छताला पहिल्या महिन्यातच पिवळट डाग पडला. मग त्याला पोपडे सुटले आणि ओल शेजारच्या बेडरूमच्या भिंतीत उतरली. बिल्डरची माणसं आली, पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग लावला आणि गेली. डाग परत आला, ती माणसंही परत आली, पुन्हा तेच काम. सुपरवायझर म्हणाला, "काका, नव्या बिल्डिंगला एवढं होतंच." मी उमेदीची वर्षं साइटवर गिलाव्याची कामं पाहण्यात घालवली आहेत. नव्या गिलाव्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात हे मला मान्य आहे. छतातून पाणी उतरणं मान्य नाही.

वरच्या मजल्यावरच्या ताई समजूतदार आहेत. त्यांच्या बाथरूमला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवला, तरी डाग वाढतच होता. म्हणजे नळाच्या लाइनकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे लादीवरचं पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून लादीवर लाल रंग कालवलेलं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताच्या कोपऱ्यात गुलाबी थेंब लटकत होता. सुपरवायझरला बोलावून तो दाखवला, फोटोही काढून ठेवला.

बाथरूमचा स्लॅब खाली घेतात, त्या खड्ड्यात पाइप टाकून वर भर घालतात आणि मग लादी बसवतात. लादीच्या सांध्यांतून थोडंफार पाणी झिरपणारच, म्हणून तर खाली वॉटरप्रूफिंग असतं. ते भिंतीवर वीतभर चढवायला हवं, लादी आणि भिंत मिळते तो कोपरा गोलाई देऊन भरायला हवा, पाइपाभोवतीची फट नीट भरायला हवी. यातलं काही राहून गेलं की पाणी भरीत साचतं. वरच्या घरात एक थेंबही दिसत नाही आणि खालचं घर कुजतं. त्यातून ताईंच्या लादीला ढाळही पुरेसा नाही. मीटरला साधारण १० ते १२ मिलिमीटर हवा, तिथे पाणी दाराशी थबकून राहतं. नाण्याने ठोकून पाहिलं तर ट्रॅपजवळच्या टाइल्स पोकळ वाजतात.

भिंतींचंही सांगायला हवं. हॉलमध्ये बीमच्या तळाला धरून एक सरळ चीर गेली आहे, पट्टी लावून ओढल्यासारखी. ही केसासारखी चीर नव्हे. काँक्रीटचा बीम आणि खालची ब्लॉकची भिंत कमी-जास्त आकसतात, म्हणून त्या जोडावर गिलाव्याआधी जाळी मारतात. माझ्या आग्रहावरून त्यांनी हातभर गिलावा फोडला. आत जाळी नव्हती. फोडलेला गिलावा बोटांनी चुरला तर वाळू वेगळी पडली. मी जे पाहिलंय त्यावरून सांगतो, अशा गिलाव्याला पुरेसं पाणी मारलेलं नसतं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख मिसळलेल्याला १० दिवस तरी ओलं ठेवावं लागतं. ताबा देण्याच्या घाईत हेच दिवस कापले जातात, आणि वरून पुट्टी इतकी गुळगुळीत मारतात की बघणाऱ्याला शंकाही येऊ नये.

बिल्डरने आता खालून इंजेक्शन ग्राउटिंग, म्हणजे छताला भोकं पाडून दाबाने फटी बुजवणारं मिश्रण भरणं, करून देऊ म्हटलंय. मी नकार दिला. पाणी वरून शिरतंय. खालची वाट बुजवली तर वरच्या भरीत ते तसंच राहील आणि दुसरीकडून निघेल. वरची लादी काढा, भर उपसा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, ४८ तास पाणी भरून ठेवा, माझ्या घरात येऊन छत बघा आणि मगच टाइल बसवा, असं लेखी दिलंय. ताईंच्या टाइलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांची त्यांची सोय बिल्डरनेच करायची, हेही त्याच पत्रात आहे. चूक ताईंची नाही, माझीही नाही. आमच्यात भांडण लागावं म्हणून "वरचे पाणी फार सांडतात" असं मला सांगितलं गेलं, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

या इमारतीत अजून ताबा घ्यायचा असेल, तर सही करण्याआधी वरच्या बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायला सांगा आणि दोन दिवसांनी आपल्या छताला हात लावून पाहा. आमच्या पत्राला अजून उत्तर नाही. काम वरून सुरू झालं की इथेच लिहीन आणि तारेही बदलेन.