ट्रेलरच्या छताचा सांधा: सीलंट भरावं की टेप चिकटवावी?

ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) छतावर ईपीडीएम (रबर) किंवा टीपीओ (प्लास्टिकसारखा पदार्थ) यांचा अखंड पातळ थर, म्हणजे पडदा, आहे आणि समोरच्या सांध्यातून किंवा व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कडेने पावसाचं पाणी आत येतंय, अशा वेळी अमेरिकेतल्या दुकानात दोन वस्तू हातात पडतात: नळीतलं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) लॅप सीलंट आणि चार इंच रुंद ब्यूटाइलची (चिकट रबराची) छताची टेप. मी दोन्ही वापरतो. नीट लावली तर दोन्हींनी पाणी थांबतं. फरक कळायला दोन-तीन वर्षं जावी लागतात.

विकत घेण्याआधी पाणी नेमकं कुठून शिरतंय ते पक्कं करा. छतात शिरलेलं पाणी लाकडी पट्ट्यांवरून सरकत जातं आणि भलतीकडेच टपकतं. पलंगाच्या उशाशी ओल दिसली की संशय समोरच्या सांध्यावर जातो, पण त्याच कोपऱ्यात मार्कर लाइटही (ट्रेलरच्या कडा दाखवणारे छोटे दिवे) असतात. पाण्याची नळी घेऊन खालून वर जा: आधी खिडकी, मग कोपऱ्याची पट्टी, मग मार्कर लाइट, शेवटी छत. प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं संथ धार सोडा आणि आत टॉर्च घेऊन कुणाला तरी बसवा. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. थेंब एसीच्या चौकटीतून पडत असेल तर या दोन्ही वस्तूंचं तिथे काम नाही. आतले चारही बोल्ट थोडे थोडे आवळून गास्केट (खालची मऊ सीलपट्टी) दाबून साधारण अर्ध्या इंचावर आणा. बाहेरून एसीभोवती काही भरू नका. त्याच्या तळातलं पाणी छतावर वाहून जायला वाट लागते.

साफसफाई दोन्हींसाठी सारखीच, आणि बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच. ईपीडीएमवर हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागते. ती साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधीच्या मालकाने सिलिकॉन लावलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढावंच लागतं, कारण त्याच्यावर सीलंटही धरत नाही आणि टेपही. पत्र्याच्या भोकावर डांबर फासायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. डांबरी माल आणि पेट्रोलियम थिनर यांनी ईपीडीएमचं रबर फुगतं.

आता सीलंट. दीड इंच रुंद आणि एक-अष्टमांश इंच जाड थर धरला, तर १०.३ औंसाच्या एका नळीत जेमतेम आठ फूट सांधा होतो, म्हणजे समोरची पूर्ण रुंदी. १४ इंची व्हेंटच्या चौकटीला पाऊण नळी लागते. दोन नळ्यांचा हिशेब असेल तर तीन आणा. स्क्रूच्या डोक्यांवर हात राखू नका. थर पातळ पडतो तो तिथेच, आणि पहिली चीरही तिथेच येते. जुनं सीलंट घट्ट धरून असेल तर ते उकरायची गरज नाही. सुटे पापुद्रे प्लास्टिकच्या पुटी नाइफने काढा, पुसा आणि वरून नवा थर द्या. मात्र हे सीलंट पसरणारं आहे. छत पुढे वळून उतरतं त्या गोलाईवर ते खाली ओघळतं. तिथे न ओघळणारा प्रकारच हवा. ५० अंश फॅरनहाइटच्या खाली ते धड पसरत नाही आणि लवकर धरतही नाही. वरची साय काही तासांत येते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला महिनाही लागू शकतो. शिवाय वर्षातून दोनदा शिडी लावून पाहावंच लागतं.

टेपची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. रस्त्यावर ट्रेलर सतत पिळवटतो, आणि लांब सरळ सांध्यावर ती हालचाल टेप चांगली सोसते. कॅनव्हासइतकी जाड, उन्हाला दाद न देणारी, एकदा लावली की वर्षानुवर्षं बघायला नको, म्हणून लोक ती घेतात. लावताना ताणू नका, ताणलेली टेप टोकांशी मागे सरकते. मागचा कागद एकदम न काढता फूटभर सोलत जा आणि रबरी रोलरने जोर देऊन दाबा. नुसत्या तळहाताने ती नीट धरत नाही. खाली जुन्या सीलंटचे उंचवटे किंवा स्क्रूची डोकी राहिली तर त्यांच्या बाजूने पोकळ बोगदा तयार होतो आणि पाणी त्यातून ओढलं जातं. म्हणजे टेपसाठी सगळं सपाट खरवडणं आलं. व्हेंटच्या कोपऱ्यात सुरकुती पडली तर ती कापून वर तुकडा लावा.

माझा कौल फिरला तो एका गोष्टीने: टेपखाली काय चाललंय ते दिसत नाही. सीलंटला चीर गेली की शिडीवरून दिसते, बोट लावून कळते, आणि अर्ध्या तासात भरता येते. टेपची एखादी कड वरच्या अंगाला उचलली गेली की पाणी आत शिरून टेपखालूनच चालत जातं आणि तीन-चार फुटांवरच्या स्क्रूच्या भोकातून लाकडात उतरतं. बाहेरून सगळं पांढरंशुभ्र आणि कोरडं. नळी धरून तास घालवला तरी शिरण्याची जागा हाती लागत नाही, आणि तोवर खालचं ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेली फळी) मऊ पडलेलं असतं. बरं, उघडून बघावं तर टेप सुटत नाही. जोर लावला की तिच्याबरोबर छताचा पडदाही फाटतो. व्हेंटची प्लास्टिकची चौकट उन्हाने ठिसूळ होणारी वस्तू आहे, कधी ना कधी ती बदलावी लागणारच. म्हणून जे पुन्हा उघडायचंय त्याच्यावर टेप लावायला माझा हात धजत नाही.

तुमचा ट्रेलर वर्षभर उघड्यावर उभा राहत असेल आणि छतावर चढणं जमत नसेल, तर टेपचं पारडं जड होऊ शकतं. सिएटलच्या बाजूला नोव्हेंबरात गळती निघाली तरीही तसंच: त्या थंडीत सीलंटचा भरवसा नाही, टेप मात्र ऊबदार ठेवून कोरड्या जागेवर लावता येते. फाटलेल्या पडद्याला टेपच लावावी, आणि समोरचा सांधा दरवर्षी चिरत असेल तर तिथेही. बाकी व्हेंट, स्कायलाइट, प्लंबिंगचा पाइप, अँटेनाचा पाया, या सगळ्यांना मी सीलंटच सुचवीन, आणि ते काम ऑगस्ट-सप्टेंबरात उरकावं असंही.

टेप लावलीच तर तिच्या चारही कडांना सीलंटची बारीक रेघ द्या. आणि आत, समोरच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात महिन्यातून एकदा मॉइश्चर मीटरच्या सुया टोचा. लाकूड १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० च्या पुढे आकडा चढत असेल तर टेप कितीही छान दिसत असो, पाणी आत येतंय.