पेशीचा चुंबकी संच: तुकडे झकास, पुस्तिका चुकीची

मी गोव्यात साखळी गावी घरीच बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवते. पेशीला बाहेरचा रासायनिक निरोप कसा पोचतो, हे दाखवणारा चुंबकी संच जूनमध्ये ऑनलाइन मागवला. पांढरा पत्र्याचा तक्ता, फोमचे तुकडे आणि एक पुस्तिका, सगळे मिळून 1,450 रुपये. खोकं भर पावसात आलं, पण आतलं सगळं कोरडं होतं.

आधी चांगलं सांगते. निळा रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो. फळ्यावरच्या चित्रात हे वळसे कुणी मोजत नाही, इथे मुलं बोट फिरवून मोजतात. ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा पिवळा त्रिकोण बाहेरून त्याच्या खाचेत बसतो. आतल्या बाजूला तीन तुकड्यांचं जी-प्रोटीन असतं: अल्फा, बीटा, गामा. अल्फाच्या डोक्यावरची जीडीपी या छोट्या रेणूची करडी टोपी काढून जीटीपी या रेणूची लाल टोपी चढवायची, की तो बाकीच्या दोघांना सोडून पटलाच्या कडेने सरकतो आणि ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटतो. टोपी बदलायला मुलांची अक्षरशः मारामारी होते.

मग सायक्लिक एएमपीच्या हिरव्या टिकल्या, म्हणजे सायक्लेज बनवतं तो पेशीच्या आतला निरोप्या. वीसच दिल्यात, हा कंजूसपणा. एक रिसेप्टर एकामागून एक कितीतरी जी-प्रोटीनं जागी करतो आणि एकेक सायक्लेज भराभर टिकल्या पाडत जातं, खरी गंमत तर तिथेच आहे. मी वाटीभर मूग ओतले, तेव्हा कुठे मुलांचे डोळे विस्फारले. पुढे पीकेए या विकराच्या दोन नियामक तुकड्यांवर दोन-दोन टिकल्या बसल्या की कामाचे दोन तुकडे मोकळे होतात आणि शेवटी यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन तुटून साखर रक्तात जाते. रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं की पायात बळ येतं, त्यामागे हेही असतं.

आता पुस्तिका. पान पाचवर ॲड्रेनलिनचा बाण पटल भेदून थेट केंद्रकात घुसवलाय! ॲड्रेनलिन पाण्यात विरघळणारं, तेलकट पटल त्याला आत घेत नाही. इस्ट्रोजेनसारखी स्निग्ध संप्रेरकं आत शिरतात, ती गोष्ट वेगळी. मी मुलांना म्हटलं, पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा वाजवतो, तो काय आपल्या रांधणीत येतो? तो रस्त्यावरच असतो. आत मात्र कुणी पिशवी शोधतं, कुणी सुटे पैसे. 1950 च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी हेच पकडलं होतं. यकृताच्या पेशी फोडून पटलाचे तुकडे बाजूला काढले, तर ॲड्रेनलिनचा असर होईना. पटलाच्या तुकड्यांवर ॲड्रेनलिन टाकल्यावर जो पदार्थ तयार झाला, तो उरलेल्या द्रवात घातला आणि काम सुरू झालं. तो पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. त्यांना 1971 चं नोबेल मिळालं. पुस्तिकेत या माणसाचं नावही नाही.

दुसरी खोट एका मुलीने काढली. "टीचर, हें बंद कशें जाता?" संचात बंद करायला काहीच नाही! खरं तर अल्फा स्वतःच जीटीपीचा एक फॉस्फेट तोडून पुन्हा करडी टोपी घालून बसतो, आणि फॉस्फोडायएस्टरेज हे विकर टिकल्या मोडत राहतं. कॉलऱ्याचं विष अल्फाचं हे तोडणंच अडवतं. मग आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपी वाढत राहतो, क्षार आणि पाणी बाहेर वाहत राहतं. टिकल्या मोडणारं एवढं महत्त्वाचं विकर संचवाले विसरले. शेवटी कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर मार्करने नाव लिहिलं, तोच आता आमचा फॉस्फोडायएस्टरेज.

संचात इन्शुलिनचेही तुकडे आहेत, पण ते कामचलाऊ, एकदाच वापरले.

विक्रेत्याला चुकीच्या पानाचा फोटो पाठवला, तर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. शिवाय आपल्या हवेत पत्र्याच्या कडा ऑगस्टमध्येच गंजू लागल्या, खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो.

तीन तारे, तेही टोप्यांसाठी. पान पाच मी स्टेपल मारून बंद केलंय.