पोटगीवसुलीचे कागद पोलिशमध्ये: तयार शब्द, शब्दशः की समजावून?

ब्रिटनमधल्या पोलिश पालकांसाठी मुलाच्या पोटगीवसुलीचे कागद इंग्रजीतून पोलिशमध्ये करून घ्यायचे असले की तीन वाटा समोर येतात. पोलिश कायद्यातला तयार शब्द बसवायचा, इंग्रजीचं शब्दशः भाषांतर करायचं, किंवा मूळ शब्द ठेवून सोबत खुलासा द्यायचा. अख्ख्या कागदाला एकच वाट लावणारा अनुवादक मी तरी टाळते.

'चाइल्ड मेंटेनन्स'साठी तयार शब्द आहे: आलिमेंती. तो डोळे मिटून घ्यावा. इंग्रजीत 'अ‍ॅलिमनी' म्हणजे जोडीदाराची पोटगी, त्यामुळे नवखे अनुवादक इथे बिचकतात. पण हा शब्द आपल्या 'पोटगी'च्याच जातीचा. पोलंडच्या १९६४ च्या कुटुंब संहितेत मूल, घटस्फोटित जोडीदार, म्हातारे आईबाप या सगळ्यांची सोय त्यात होते. आंतरराष्ट्रीय पोटगीवसुलीच्या २००७ च्या हेग कराराच्या पोलिश नावातही हाच शब्द आहे. शब्दशः 'मुलाला आधार' म्हटलं, तर वाचणाऱ्याला सरकारी अनुदान वाटायचं.

'एन्फोर्समेंट'लाही, म्हणजे सक्तीच्या वसुलीलाही, तयार शब्द चालतो: एग्झेकुत्स्या. त्याचा दुसरा अर्थ देहदंड, म्हणून तो बदलून मागणारे ग्राहक भेटतात. बदलू नका. आलिमेंतीच्या शेजारी हा शब्द दिसला की पोलिश माणसाला कोमोर्निक, म्हणजे वसुली करणारा न्यायालयीन अधिकारीच आठवतो.

खरी फसगत होते ती 'डिडक्शन फ्रॉम अर्निंग्ज ऑर्डर'पाशी. पगारातून पोटगी कापायचा हा आदेश. पोलिशमध्ये त्याच्या जवळचा शब्द आहे 'झायेंच्ये', पगाराची जप्ती. एका मसुद्यात तोच बसवलेला होता, वाचायला अगदी सराईत. पण झायेंच्ये म्हटलं की कोमोर्निक आला, त्याच्यामागे कोर्टाचा निवाडा आला. ब्रिटनमध्ये हा आदेश चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस ही सरकारी यंत्रणा स्वतःच मालकाला पाठवते, कोर्टाची पायरी न चढता. आकडेही उलटे. पोलंडमध्ये पोटगीसाठी पगाराचे ६० टक्क्यांपर्यंत कापता येतात. ब्रिटनमध्ये निव्वळ पगाराचे ६० टक्के माणसाच्या हातात राहावेच लागतात. तयार शब्द वाचून बाप आपले साठ टक्के गेले असं धरून बसेल. इथे इंग्रजी नाव तसंच ठेवून पुढे अर्धी ओळ खुलासा हवा. कागद थोडा बोजड होतो, होऊ द्या.

अमेरिकेतले कागद असतील तर 'कंटेम्प्ट ऑफ कोर्ट', म्हणजे कोर्टाचा आदेश न पाळणं, येतो. शब्दशः 'ओब्राझा सोंदु' केलं तर कोणीतरी न्यायाधीशांना शिवीगाळ केली असं वाटतं. तयार शब्द म्हणून 'न्येआलिमेंतात्स्या', म्हणजे पोटगी न देणं, सुचतो, पण तो पोलिश दंडसंहितेच्या कलम २०९ मधला गुन्हा आहे. साधारण तीन हप्त्यांइतकी थकबाकी झाली की तो लागू शकतो. पैसे भरेपर्यंत आत ठेवण्याचा अमेरिकन कोर्टाचा दिवाणी आदेश म्हणजे तो गुन्हा नव्हे. खुलासाच द्यावा.

'कस्टडी' वरवर सोपी दिसते. 'ओप्येका' हा शब्द बोलण्यात सर्रास चालतो, पण कुटुंब संहितेत तो आईबापांच्या जागी नेमलेल्या पालकासाठी आहे. मूल कोणाकडे राहतं एवढंच सांगायचं असेल, तर तसं सरळ वाक्यात लिहावं.

कागद पोलंडच्या कोर्टात जाणार असेल तर शपथबद्ध अनुवादकाचा शिक्का लागेल. काम देण्याआधी त्याला एकच विचारा: झायेंच्ये लिहिणार की खुलासा देणार?