‘ब्लोअर’ बेंटलीचे मॉडेल: गाडी सुरेख, पुस्तिका अपुरी

ग्वाल्हेरला महाराज बाड्याजवळच्या एका दुकानातून मी बेंटलीच्या साडेचार लिटर ‘ब्लोअर’ गाडीचे, सुटे भाग जोडून तयार करायचे १:२४ प्रमाणातील मॉडेल २,८५० रुपयांना घेतले. सोबत या गाड्यांचे निर्माते वॉल्टर ओवेन बेंटली यांच्यावरची सोळा पानी पुस्तिका मिळते, आणि खरे तर तिच्यासाठीच मी एवढे पैसे मोजले.

मॉडेलबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. रेडिएटरपुढे बसणाऱ्या सुपरचार्जरवरच्या (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र; ‘ब्लोअर’ हे नाव त्यावरूनच) बारीक खाचाही बोटाला जाणवतात आणि चाकांच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतात. बॉनेटवरचा पट्टा मात्र आखूड निघाला. तो दोनदा सुटल्यावर मी घड्याळाच्या जुन्या चामडी पट्ट्याची चिंधोटी कापून लावली.

पुस्तिकेने निराशा केली. १८८८ मध्ये लंडनला जन्मलेले, नऊ भावंडांत सर्वांत धाकटे असलेले बेंटली सोळाव्या वर्षी शाळा सोडून डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले, हे तिने एका ओळीत उरकले आहे. तिथे ते पाच वर्षे राबले. लंडन ते लीड्स आणि परत, अशा सुमारे ६४० किलोमीटरच्या एका फेरीत त्यांनी फायरमन म्हणून जवळजवळ सात टन कोळसा स्वतः भट्टीत टाकला. माझे आजोबा ग्वाल्हेर लाईट रेल्वेच्या दोन फुटी रुळांवर फायरमन होते, त्यांच्या तळहातांवरचे घट्टे मी पाहिले आहेत. म्हणून ही हकीकत गाळलेली मला विशेष खटकली.

त्या मानाने ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा प्रसंग चांगला उतरला आहे. भावासह डीएफपी या फ्रेंच गाड्यांची एजन्सी चालवताना १९१३ मध्ये बेंटली फ्रान्समधल्या कारखान्यात गेले असता त्यांना तिथे ॲल्युमिनियमचे एक पेपरवेट दिसले, आणि पिस्टनही याच धातूचा का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. ८८ टक्के ॲल्युमिनियम व १२ टक्के तांबे यांच्या मिश्रधातूचे हे पिस्टन हलके असल्याने इंजिन अधिक वेगाने फिरू शके आणि उष्णताही लवकर बाहेर पडे. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांनाही ही कल्पना उपयोगी पडली. १९१९ मध्ये स्वतःची कंपनी काढताना त्यांच्या गाठीशी हा सारा अनुभव होता.

शेवटच्या पानावर मात्र ‘ब्लोअर’ हे बेंटलींचे स्वप्न होते, असे छापले आहे, आणि ते साफ चुकीचे आहे. सुपरचार्जर बसवण्याचा आग्रह शर्यतपटू टिम बर्किन यांचा होता आणि पैसा डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंचा. बेंटलींचा त्याला विरोध होता, कारण शक्ती वाढवायची तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या गाड्यांनी १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण त्या पाचांत ‘ब्लोअर’ एकही नाही. निर्मात्याने नाकारलेल्या गाडीच्या खोक्यावर त्याचेच चरित्र घालायचे, तर एवढे तरी प्रामाणिकपणे सांगायला हवे होते.

जोडणीची हौस असेल तर हे मॉडेल अवश्य घ्यावे. केवळ पुस्तिकेसाठी मात्र एवढी किंमत देऊ नये.