जिन्यावरून पडल्याची भरपाई : ‘जिंकलो तरच फी’ वकिली सेवा कितपत कामाची?

दावा जिंकला तरच भरपाईतून टक्केवारीने फी घेणारी ही सेवा इमारतीच्या मालकाच्या हलगर्जीपणामुळे पडलेल्यांना सोयीची वाटते (काही देशांत वकिलांना अशी फी घ्यायला बंदीच आहे), पण तिची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होते. चांगला वकील आधी जिना मोजायला माणूस पाठवतो: प्रत्येक पायरीची उंची, झिजलेली कड, हलणारा कठडा, उजेड, सगळं टेप लावून फोटोंसह. दोन पायऱ्यांच्या उंचीत 1 सेंटीमीटरचा फरक असला तरी पाय चुकतो. आणि मालकाने दुरुस्ती उरकली की पुरावा गेलाच. सीसीटीव्ही चित्रण जपण्याची लेखी नोटीसही तेव्हाच जायला हवी, कारण जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

दावा बहुतेकदा अडतो तो एकाच प्रश्नावर: धोका मालकाला ठाऊक होता का, किंवा असायला हवा होता का? आधीच्या तक्रारी आणि देखभालीच्या नोंदी न मागवणारा वकील आमच्या मते बिनकामाचा. अनेक ठिकाणी पडणाऱ्याची चूक धरून रक्कम कापतात. म्हणून पडताना पायात असलेली चप्पल न धुता जपून ठेवा, म्हणजे दोष चपलेचा नव्हता हे दाखवता येईल.

मेख करारात असते. टक्केवारी खर्च वजा करण्याआधी की नंतर? हरल्यास कोर्टखर्च कोणाचा? उपचार चालू असतानाच तडजोडीची घाई करणाऱ्या सेवेला आमच्याकडून शून्य गुण.