एबीएसचा पिवळा दिवा आणि घरचा स्कॅनर: काही महिने वापरून

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिचे फॉल्ट कोड वाचायला म्हणून स्वस्तातलं ईएलएम ३२७ जातीचं, गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावून मोबाइलला जोडायचं ब्लूटूथ डोंगल घेत असाल तर जरा थांबा. सोबतची फुकट अ‍ॅप्स बहुधा इंजिनाचे, म्हणजे 'पी'चे कोड तेवढे वाचतात. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा ढळढळीत पेटलेला असतो आणि अ‍ॅप सांगतं, 'फॉल्ट नाही'! मी पावसाळ्याआधी घेतलेला स्कॅनर वायरचा, स्वतःच्या स्क्रीनचा आहे. एबीएस मॉड्यूलमधले (एबीएसच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधले) 'सी'चे, म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चॅसीच्या भागांचे कोड वाचतो आणि चारही चाकांचा वेग लाइव्ह दाखवतो. पैसे वसूल झाले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

जुलैच्या धो-धो पावसात दिवा लागला. कोड आला सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच होतं: "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." पण कोड सर्किटचा आहे. त्यात सेन्सर आला, तशा दोन वायरी आल्या, कप्लर (वायरी जोडणारा प्लग) आला, मॉड्यूलची पिनही आली. भावाच्या हातात स्क्रीन देऊन सोसायटीच्या आवारात गाडी फिरवली. सरळ जाताना चारही आकडे सारखे. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापलं की डाव्या चाकाचा आकडा धाडकन शून्य, सरळ केलं की परत जागेवर. सेन्सर मेला असता तर त्याने स्टिअरिंग कुठे वळलंय ते पाहिलं नसतं.

चाक काढून आतलं प्लास्टिक बाजूला केल्यावर कप्लर दिसला. लॉकची जीभ तुटलेली, एक पिन मागे सरकलेली आणि तिच्यावर हिरवट गंज. चाक वळलं की वायर ताणली जायची आणि पिन सुटायची. नवा कप्लर आणि टर्मिनल टाकले, काम झालं. सेन्सर जुनाच आहे.

मल्टिमीटर मात्र लागतोच. जुन्या, कॉइलच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण हजार-दोन हजार ओहमच्या घरात येतो आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज दिसतं. नव्या अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला मॉड्यूलकडून सप्लाय येतो, तिथे ओहम मोजण्यात अर्थ नाही. कप्लर सोडवून, इग्निशन ऑन करून गाडीच्या बाजूला सप्लाय येतोय का ते बघायचं. आणखी एक: कॉइलवाला सेन्सर अगदी कमी वेगाला शून्यच दाखवतो. तो फॉल्ट नव्हे.

मेव्हण्याच्या गाडीत एकदम तीन-चार कोड आले, त्यात एक लो व्होल्टेजचा. बॅटरीचं टर्मिनल सैल होतं. एवढंच.

तक्रारीही आहेत. उन्हात स्क्रीन दिसत नाही. ब्रेक ब्लीडिंगचा (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढण्याचा) पर्याय मेनूत आहे, पण माझ्या गाडीवर चालत नाही. काही गाड्यांत तर कोड काढल्यावरही थोडं अंतर चालवल्याशिवाय दिवा विझत नाही, मग उगाच स्कॅनरवर शंका येते.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर स्कॅनर वगैरे राहू द्या, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे सेकंडहँड गाडी बघायला जातानाही मी हा स्कॅनर सोबत नेतो. घेताना खोक्यावरच्या 'ऑल कार्स'वर जाऊ नका. तुमचं मॉडेल आणि साल सांगून त्यावर एबीएसचा लाइव्ह डेटा दिसतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.