सुपर ८ ची घरातली रिळे: भिंतीवर, घरच्या यंत्रावर की मुंबईच्या स्कॅनरवर?

मोठे मामा पैठणला जायकवाडीच्या कामावर इंजिनिअर होते. धरण १९७६ मध्ये पुरे झाले. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत त्यांनी सुपर ८, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्मच्या घरगुती कॅमेऱ्यावर अकरा रिळे काढली: नाथषष्ठीच्या दिंड्या, गोदावरीचे वाळवंट, आणि आजोळच्या गावचा घाट. तो घाट आता नाथसागराच्या पाण्याखाली आहे. त्याचे दुसरे कुठलेही चित्र आमच्या घरात नाही. रिळे मात्र माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मराठवाड्याचे पन्नास उन्हाळे सोसत पडली होती. ती मोबाइलवर बघता यावीत म्हणून तीन वाटा करून पाहिल्या. तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर हे वाचून मगच पुढे जा.

आधी रीळ ओळखा. पट्टीच्या कडेला, प्रत्येक फ्रेमच्या मध्याशी बारीक भोक असेल तर ती १९६५ नंतरची सुपर ८. भोक मोठे आणि दोन फ्रेमच्या सांध्यावर असेल तर जुनी रेग्युलर ८, म्हणजे १९३२ पासून चालत आलेली. मग डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट उष्णतेने आणि दमटपणाने विघटित होऊ लागला आहे, असे समजा. अशी पट्टी आकसते, भोकांमधले अंतर बदलते आणि भोकांत अडकणाऱ्या दात्यांवर चालणाऱ्या यंत्रात ती फाटते. निर्णयाचा निम्मा भाग या वासावर ठरतो.

पहिली वाट सगळ्यांना सुचते ती. प्रोजेक्टर लावायचा, भिंतीवर पडलेले चित्र कॅमेऱ्याने टिपायचे. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत आम्ही पहिले रीळ तसेच दिले. प्रोजेक्टर अनेक वर्षे बंद होता. मध्येच पट्टी अडकली. आजी घागर उचलतानाची फ्रेम दिव्यासमोर थांबली, मधोमध तपकिरी ठिपका उठला, बुडबुड्यासारखा फुगला आणि दोन सेकंदांत घागर, हात, पदर सगळे वितळले. तो तुकडा परत मिळणार नाही. माझी चूक एवढीच की आधी एखाद्या टाकाऊ फिल्मच्या तुकड्यावर यंत्र चालवून दाखवा, असे मी म्हटले नाही.

धोका बाजूला ठेवला तरी चित्र लुकलुकते. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने, तीन पात्यांच्या शटरमधून (दिव्यासमोर फिरणाऱ्या झडपेतून) सेकंदाला ५४ वेळा प्रकाश पडतो आणि मोबाइल टिपतो ३० चित्रे. दोन्हींचा मेळ बसत नाही. प्रोजेक्टरचा वेग १६.६७ वर आणता आला तर ५० झोत होतात आणि २५ फ्रेमच्या कॅमेऱ्यात लुकलुक थांबते. तरीही चित्र मध्यभागी उजळ आणि कडांना काळवंडलेले राहतेच.

दुसरी वाट म्हणजे टेबलावर मावणारे घरगुती स्कॅनिंग यंत्र. मावसभावाकडे होते, ते मागून आणले. थंड एलईडी प्रकाशात ते एकेक फ्रेम टिपते, जळण्याची भीती नाही. वेग सेकंदाला साधारण दोन फ्रेम. ५० फुटांच्या रिळात सुमारे ३,६०० फ्रेम असतात, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या चित्राला अर्धा तास लागतो. या यंत्राची फाइल २० फ्रेमच्या वेगाने निघते, त्यामुळे माणसे थोडी घाईत चालतात. एडिटिंगमध्ये वेग ९० टक्क्यांवर आणा, चाल मूळची होते. खरी अडचण उजेडाची. आपल्याकडचे फाल्गुनातले ऊन आणि वारकऱ्यांची पांढरी धोतरे, म्हणजे सगळा पांढरा भाग सपाट कोरा. शिवाय हे यंत्रही पट्टी दात्याने ओढते, आणि आवाजपट्टी असली तरी आवाज घेत नाही.

पट्टी निरोगी असेल, रिळे वीस-पंचवीस असतील आणि त्यात बहुतेक सहली व वाढदिवस असतील, तर मी हेच सुचवीन.

तिसरी वाट व्यावसायिक स्कॅनरची. उरलेली दहा रिळे मी रात्रीच्या देवगिरीने मुंबईला हातात धरून नेली, कुरिअरला देण्याचा धीर झाला नाही. हा स्कॅनर दात्यांऐवजी रोलरवर पट्टी पुढे नेतो, त्यामुळे आकसलेली फिल्मही बहुतेकदा सुखरूप जाते. भाव फुटावर लावतात. घरगुती यंत्राशी तुलना केली तर एका रिळाला खर्च बराच, पण यंत्र विकत घेऊन तीनच रिळे करायची असतील तर हिशेब उलटतो.

फोर-केचा, म्हणजे सुमारे चार हजार बिंदू रुंद चित्राचा, आग्रह मी धरला नाही. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ बाय ४ मिलिमीटर. त्याच्या निम्म्या रुंदीच्या टू-केमध्ये तिच्यातले बहुतेक सगळे येते. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: मूळ १६ किंवा १८ फ्रेमचा वेग, कडेसकट पूर्ण फ्रेम, आणि कमी दाबलेली (कमी कॉम्प्रेस केलेली) मूळ फाइल. ती एका रिळाला तीन-चार जीबी होते, म्हणून हार्ड डिस्क सोबत न्या. मोबाइलसाठी छोटी प्रत वेगळी घ्या.

फरक आईने दाखवला. घरगुती यंत्राच्या प्रतीत घाटावर नुसता पांढरा पुंजका होता. मुंबईच्या फाइलमध्ये त्याच जागी धोतराच्या निऱ्या दिसल्या, खांद्यावरची पताका दिसली, आणि आई म्हणाली, “अगं, हे तर आपले आप्पा.” फ्रेमच्या अगदी कडेला, प्रोजेक्टरवर कधीच न दिसलेल्या पट्ट्यात, त्यांचे बोट धरलेला एक लहान हात आहे. तो कुणाचा, यावर घरात अजून बोलणे चालू आहे.

म्हणून माझे मत: गेलेली माणसे आणि बुडालेली गावे असलेली, किंवा आंबट वासाची रिळे सरळ तिसऱ्या वाटेने न्या. बाकीची घरी करा. भिंतीवरची वाट टाळा.

स्कॅन झाले तरी मूळ रिळे टाकू नका. आमची आता पेटीतून निघून खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात आहेत, हवा लागेल अशा डब्यांत. आंबट वासाची दोन वेगळ्या खोलीत ठेवली, कारण त्यांच्या वाफेने शेजारची फिल्मही लवकर खराब होते.